दिवस गेले म्हणून फिटची गोळी बंद करू नका

पाळी चुकते, घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटतात आणि त्याच रात्रीपासून बाई फिटची गोळी घ्यायची थांबते. डॉक्टरांना विचारत नाही, बऱ्याचदा नवऱ्यालाही सांगत नाही. पोटातल्या बाळाला औषध बाधेल, ही एकच धास्ती तिच्या मनात असते. ही धास्ती अगदीच निराधार नाही. काही औषधांनी बाळाला खरोखर धोका होतो, आणि गार्डिनल त्यांतलं एक आहे. पण त्यावर तिने काढलेला तोडगा तिच्या आणि बाळाच्या, दोघांच्या जिवावर बेतू शकतो. औषध बदलायचं असेल किंवा कमी करायचं असेल, तर त्याची वेळ दिवस जाण्याआधीची असते. दिवस गेल्यावर पहिलं काम डॉक्टरांना गाठायचं. तोवर गोळी चालू ठेवायची.

भिवंडीसारख्या गावात हे सांगणं जास्त गरजेचं आहे. यंत्रमागावरची रात्रपाळी, एका खोलीत पाच-सहा माणसं, बाळंतपणाला उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण नाहीतर कोकणात जायची रीत, आणि फिटचा आजार सासरी कळू नये म्हणून पिठाच्या डब्यात लपवलेली गोळ्यांची पट्टी. या सगळ्याचा फिटशी थेट संबंध आहे.

आधी आपली गोळी ओळखा

कितीतरी जणींना आपण “फिटची पांढरी गोळी” घेतो एवढंच माहीत असतं. पट्टी उलटी करा आणि मागच्या बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव शोधा. गार्डिनलवर फेनोबार्बिटोन असं लिहिलेलं असेल. एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, टेग्रिटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, व्हॅल्पारिन आणि एन्कोरेट म्हणजे व्हॅल्प्रोएट, लेव्हीपिल म्हणजे लेव्हेटिरासिटाम. गरोदरपणात या पाचांचा धोका सारखा नाही. म्हणून “फिटची गोळी चालते का?” या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, हे समजल्याशिवाय डॉक्टरही सल्ला देऊ शकत नाहीत.

फेनोबार्बिटोन हे बार्बिच्युरेट घराण्यातलं औषध. झोप आणणारं, मेंदूला शांत करणारं, अशी या घराण्याची ओळख. १९१२ साली आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरांनी आपल्या फिटच्या रुग्णांना झोप लागावी म्हणून ते दिलं, तर फिटही कमी झाल्या. त्याला आता शंभरावर वर्षं झाली. झोपेची गोळी म्हणून बार्बिच्युरेट मागे पडली, पण फिटसाठी फेनोबार्बिटोन टिकून राहिलं. स्वस्त आहे, दिवसातून एकदा घेतलं तरी चालतं आणि सरकारी पुरवठ्यात असतं. लहानपणापासून गार्डिनलवर असलेल्या आणि आता लग्न होऊन दिवस गेलेल्या मुली म्हणूनच आपल्याकडे भेटतात. गोळी पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली असते आणि तेव्हापासून चिठ्ठी बदललेलीच नसते.

संशोधन काय सांगतं?

फिटची औषधं घेणाऱ्या गरोदर बायकांची नोंद ठेवून, बाळ जन्मल्यावर त्याची तपासणी करायची, अशी मोठी नोंदणी जगात काही ठिकाणी चालते. भारतात १९९८ साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. संजीव थॉमस यांनी केरळमधल्या अशा बायकांची नोंदवही सुरू केली. ४२ देशांतल्या नोंदी एकत्र करणारा युरॅप हा प्रकल्प आहे. त्यात एकच औषध घेणाऱ्या ७,३५५ गरोदरपणांचा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला.

बाळात मोठं जन्मजात व्यंग आढळण्याचं प्रमाण व्हॅल्प्रोएटवर १०.३ टक्के होतं. फेनोबार्बिटोनवर ते ६.५ टक्के, फेनिटॉइनवर ६.४ आणि कार्बामाझेपिनवर ५.५ टक्के निघालं. लॅमोट्रिजिन या आणखी एका औषधावर २.९ आणि लेव्हेटिरासिटामवर २.८ टक्के. कुठलंच औषध न घेणाऱ्या बायकांच्या बाळांतही दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असं व्यंग दिसतंच. म्हणजे शेवटच्या दोन औषधांचा आकडा साधारण सर्वसामान्य गरोदरपणाच्या जवळ आहे, आणि व्हॅल्प्रोएटचा त्याच्या तिप्पट-चौपट. फेनोबार्बिटोन मधल्या पायरीवर बसतं. त्याच्या बाबतीत हृदयाचे दोष आणि दुभंगलेला ओठ किंवा टाळू ही व्यंगं जास्त दिसतात. डोस वाढला की धोका वाढतो, आणि एकावर एक दोन-तीन औषधं चालू असतील तर आणखी वाढतो.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. गार्डिनल घेणाऱ्या शंभर जणींतल्या त्र्याण्णव-चौऱ्याण्णव जणींच्या बाळात मोठं व्यंग नव्हतं. गार्डिनलवर असताना दिवस गेले म्हणजे सगळं संपलं, गर्भपातच करायला हवा, असा अर्थ कुणी काढू नये. पण पुढच्या वर्षी मूल हवं असेल, आणि याहून सुरक्षित औषध आपल्या फिटला लागू पडत असेल, तर जुनीच गोळी का चालू ठेवायची, हा प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारलाच पाहिजे.

व्यंग डोळ्यांना दिसतं, सोनोग्राफीत दिसतं. बुद्धीवरचा परिणाम असा दिसत नाही. त्याबद्दलचा एक अभ्यास १९९५ साली अमेरिकेच्या जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. कोपनहेगनच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयात १९५९ ते १९६१ या काळात जन्मलेल्या आणि आईच्या पोटात असताना फेनोबार्बिटोन मिळालेल्या ११४ पुरुषांची, ते मोठे झाल्यावर, बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. अपेक्षेपेक्षा त्यांचे गुण, विशेषतः भाषिक बुद्धिमत्तेचे, साधारण सात अंकांनी कमी भरले. या पुरुषांच्या आयांना फिटचा आजार नव्हता. रक्तदाब किंवा तशाच दुसऱ्या कारणांसाठी, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, त्यांना हे शामक दिलं होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत औषध मिळालं असेल तर परिणाम जास्त होता, आणि घरची परिस्थिती बेताची असेल तिथेही जास्त होता.

भिवंडीतल्या वाचकाने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. झोप यावी, मन शांत राहावं, बीपी उतरावं एवढ्यासाठी गरोदर बाईने बार्बिच्युरेटची गोळी घेऊ नये, कुणाच्या सांगण्यावरूनही नाही. आणि फिटसाठी ती लागतच असेल, तर लागेल तेवढ्या कमीत कमी डोसमध्ये आणि मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्यावी.

अचानक सोडली तर काय होतं?

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी बंद होते. पाळी चुकते तेव्हा गर्भधारणेला जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. चाचणी करायलाच आठवडाभर गेला आणि मग गोळी सोडली, तोवर या नळीचं काम संपत आलेलं असतं. शिवाय फेनोबार्बिटोन शरीरातून अतिशय सावकाश उतरतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण चार दिवस लागतात, आणि पुरतं जायला दोन-तीन आठवडे. म्हणजे ज्या धोक्याला भिऊन गोळी सोडली, तो बराचसा टळतच नाही.

उलट नवा धोका सुरू होतो. गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच होत नाही. बाईला वाटतं, बघा, गरज नव्हतीच. मग औषध रक्तातून उतरत जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फिट येते. ती नेहमीपेक्षा जोराची, लांबलेली किंवा एकामागून एक येणारी असू शकते. मेंदूला वर्षानुवर्षं ज्या शामकाची सवय झाली, ते एकदम काढून घेतल्याचा हा परिणाम असतो. म्हणूनच हे औषध बंद करायचंच असलं तरी तज्ज्ञ ते थोडं थोडं, कित्येक महिने घेऊन कमी करतात.

मोठी फिट येते तेव्हा आईचा श्वास काही काळ थांबतो आणि बाळाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. ती पोटावर पडू शकते. खाली मांडलेल्या शेगडीवर, पाण्याच्या पिंपावर, चालू मागाजवळ पडू शकते. फिटच्या रुग्णाचा झोपेत अकस्मात मृत्यू होतो, असंही घडतं, आणि ताब्यात नसलेल्या मोठ्या फिट हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची चौकशी करणाऱ्या समितीनेही गरोदर आणि बाळंत बायकांतल्या अशा मृत्यूंकडे मुद्दाम लक्ष वेधलं आहे.

मूल हवं असेल तर आधीचे सहा महिने

लग्न ठरलं की किंवा मूल हवंसं वाटलं की, दिवस जाण्याच्या निदान सहा महिने आधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहे. भिवंडीहून ठाण्यापर्यंत बस किंवा रिक्षा आणि पुढे लोकल, असा एक दिवस मोडतो खरा, पण तो सार्थकी लागतो. जाताना जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची पट्टी, मेंदूचे फोटो आणि ईईजीचा कागद घेऊन जा. शेवटची फिट केव्हा आली, तारखेसह लिहून न्या. फिट येताना कुणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर तेही दाखवा. डॉक्टरांना त्याचा कागदांइतकाच उपयोग होतो.

तिथे विचारायचे प्रश्न असे:

१. माझ्या फिटच्या प्रकाराला गार्डिनलऐवजी लेव्हेटिरासिटाम किंवा लॅमोट्रिजिन चालेल का? बदल किती महिन्यांत होईल?

२. दोन-तीन औषधं चालू असतील तर एकावर येता येईल का?

३. काही वर्षं एकही फिट आली नसेल तर औषध कमी करत नेता येईल का?

४. फॉलिक अॅसिड किती मिलिग्रॅमचं घ्यायचं? गार्डिनल आणि फेनिटॉइनमुळे शरीरातलं फोलेट कमी पडतं. त्यामुळे ही गोळी दिवस जाण्याच्या आधीपासूनच सुरू करायची असते. डोस मात्र डॉक्टरांनीच सांगायचा.

व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ही भेट आणखी तातडीची. मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या मुली आणि बायकांना ते शक्यतो देऊच नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तरीही, तेसुद्धा स्वतःच्या मनाने सोडायचं नाही.

बदल पूर्ण होईपर्यंत दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावी लागते, आणि इथे बऱ्याच जणी फसतात. गार्डिनल, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यकृताचं काम वाढवतात, त्यामुळे माला-एन, माला-डी यांसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरक लवकर संपतं. ही गोळी रोज नेमाने घेऊनही दिवस जाऊ शकतात. अशा बाईसाठी तांबी किंवा अंतरा इंजेक्शन भरवशाचं. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत मिळतात. तिथल्या सिस्टरना “मला फिटची गोळी चालू आहे” हे वाक्य न विसरता सांगा.

आता त्या लपवलेल्या पट्टीबद्दल. सासरी कळलं तर नांदवणार नाहीत, ही भीती आपल्या समाजात सगळ्या जातीधर्मांत आहे. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येत असे. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकला. आता केवळ फिट येतात म्हणून त्या कायद्याखाली लग्न रद्द होत नाही. तरी लग्नाआधी सांगितलेलं केव्हाही बरं. लपवलेली गोळी चुकते, आणि चुकलेल्या गोळीतूनच सगळ्यांसमोर फिट येते. घरात निदान नवऱ्याला आणि आणखी एका बाईला, सासू, नणंद किंवा जाऊ, आजार आणि गोळी दोन्ही माहीत हवं.

दिवस गेल्यावर

ठरवून गेले असोत वा नकळत, पहिल्या आठवड्यातच नोंदणी करा. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, पालिकेची आरोग्य केंद्रं आहेत. पडघा, वज्रेश्वरीकडच्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. नोंदणीच्या वेळी आशाताईंना आणि डॉक्टरांना फिटचा आजार सांगा. माता-बाल संरक्षण कार्डावर औषधाचं नाव आणि डोस लिहून घ्या. हे गरोदरपण जोखमीचं म्हणून नोंदलं गेलं तर घाबरू नका. त्यामुळे तुमच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रावर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती तारीख चुकवू नका.

गार्डिनलवर असताना दिवस गेलेच असतील तर बहुतेक तज्ज्ञ पहिल्या तीन महिन्यांत घाईने औषध बदलत नाहीत. बदलताना फिट येण्याचा धोका असतो आणि काही काळ बाळाला दोन औषधं मिळतात. डोस किती ठेवायचा, एकदाच घ्यायचा की विभागून, हे ते ठरवतात.

पहिल्या तीन महिन्यांत उलट्या होतात. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली तर पुन्हा घ्यायची का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. रात्री जेवणानंतर उलट्या कमी होत असतील तर वेळ बदलता येईल का, तेही विचारा. उलट्या थांबतच नसतील तर दवाखाना गाठा. पोटात औषध राहिलं नाही तर ते न घेतल्यासारखंच.

१८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाचे अवयव नीट बघणारी सोनोग्राफी करा. त्या वेळी डॉक्टरांना सांगा, “फिटचं औषध चालू आहे. हृदय, ओठ, मणका बारकाईने बघा.” गरज वाटली तर ते बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी सुचवतील.

गरोदरपणात शरीरातलं पाणी आणि मूत्रपिंडाचं काम वाढतं, त्यामुळे औषधाचं रक्तातलं प्रमाण खाली येतं. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम यांच्या बाबतीत हे फार होतं. पूर्वी पुरणारा डोस सातव्या महिन्यात पुरत नाही. डॉक्टरांनी डोस वाढवला तर “एवढं औषध बाळाला” म्हणून बिचकू नका. वाढवलेला डोस खालावलेलं प्रमाण पहिल्या जागी आणण्यासाठी असतो.

झोप हे निम्मं औषध आहे. मागाच्या खटखटाटात, दोन पाळ्यांच्या घरात, एकजण कामाला निघताना दुसऱ्याने अंथरुणावर पडायचं, अशा ठिकाणी गरोदर बाईची झोप सगळ्यात आधी तुटते. सासूबाईंनी यात लक्ष घालायला हवं. सलग सात-आठ तास तिला कुणी उठवायचं नाही. स्वतः मागावर किंवा गोदामात कामाला जात असेल तर रात्रपाळी बंद, चालू यंत्राजवळचं आणि शिडीवरचं काम बंद. रमजानचे रोजे किंवा कडक उपास ठेवायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. पहाटे उठून झोपमोड होते आणि गोळीची वेळ हलते, दोन्ही फिटला निमंत्रण देतात.

बाळंतपणाला गावी जायचं असेल तर दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर न्या. फेनोबार्बिटोन हे कायद्याने नियंत्रण असलेलं औषध आहे. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही, आणि प्रत्येक तालुक्याच्या दुकानात असेलच असंही नाही. चिठ्ठीची एक प्रत सामानात आणि एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तिथे बाळंतपण कोणत्या रुग्णालयात होणार, हे गाडीत बसण्याआधी ठरलेलं हवं.

बाळंतपण रुग्णालयातच व्हावं. फिटचा आजार आहे म्हणून सिझेरियन करावंच लागतं असं नाही. बहुतेकींचं बाळंतपण नैसर्गिक होतं. कळा सुरू झाल्या तरी गोळीची वेळ चुकवायची नाही. गोळ्या पिशवीत घेऊनच जा.

बीपीची फिट वेगळी

गरोदर बाईला फिट आली की ती नेहमीच्या आजाराची असेलच असं नाही. पाचव्या महिन्यानंतर, बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत, रक्तदाब वाढून येणाऱ्या फिटला डॉक्टर एक्लॅम्प्सिया म्हणतात. आयुष्यात कधी फिट न आलेल्या बाईलाही ती येते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठिणग्या, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखणं, तोंडावर आणि हातांवर अचानक आलेली सूज, ही तिची आगाऊ सूचना. यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

या फिटवर एकेकाळी शामकंच दिली जात. अंधारी, शांत खोली, मॉर्फिन, क्लोरल हायड्रेट, नंतर बार्बिच्युरेट. १९६१ साली मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी तीन औषधांचं मिश्रण प्रसिद्ध केलं, आणि ते भारतात बरीच वर्षं वापरलं गेलं. मग १९९५ मध्ये १,६८७ बायकांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने चित्र पालटलं. भारतातली रुग्णालयंही तीत होती. मॅग्नेशियम सल्फेट दिल्यावर फिट पुन्हा येण्याचं प्रमाण डायझेपामच्या मानाने ५२ टक्के आणि फेनिटॉइनच्या मानाने ६७ टक्के कमी झालं. २००२ च्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या १०,१४१ बायका होत्या. बीपी वाढलेल्या बाईला हे इंजेक्शन आधीच दिलं तर फिट येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे तिने दाखवलं.

याबाबतीत महाराष्ट्राचंही काम आहे. मॅग्नेशियमचा डोस अमेरिकेतल्या बायकांच्या वजनावर बेतलेला. आपल्याकडच्या किरकोळ अंगाच्या बायकांना कमी पुरेल का, हा प्रश्न सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी घेतला. भारतीय बायकांसाठी बेतलेली कमी डोसची पद्धत त्यांनी २००३ साली मांडली. डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो. म्हणून इंजेक्शन चालू असताना नर्स गुडघ्यावर हातोडी मारून बघते, लघवी मोजते, श्वास मोजते. तो वेळकाढूपणा समजू नका. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेलं असतं.

घरातल्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच: बीपीच्या फिटवर गार्डिनलची गोळी कामाची नाही. शेजारणीची गोळी उसनी आणून देऊ नका. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी मॅग्नेशियमचा पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येतो. ठाणे किंवा कळव्याला नेण्याची चिठ्ठी मिळाली तर विचारा, “मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं का? चिठ्ठीवर वेळ लिहिली का?” अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी या रस्त्यावर वाहतूक किती वेळ अडेल याचा नेम नसतो. तो वेळ इंजेक्शन घेऊन गेलेला बरा.

फिट आलीच तर

१. घड्याळ बघा.

२. जवळची शेगडी, कात्री, भांडी दूर करा. डोक्याखाली हात किंवा मऊ कापड ठेवा.

३. डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे थुंकी बाहेर पडेल आणि गर्भाशयाचा दाब मोठ्या शिरांवर येणार नाही.

४. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, चाव्या यांनी फिट थांबत नाही. ती साधारण एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते.

५. एरवी पाच मिनिटांवर फिट गेली तर १०८ ला फोन करा, असं सांगतात. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या बाबतीत पाच मिनिटं थांबू नका. पहिल्याच फिटला फोन करा, थांबली तरी रुग्णालयात न्या आणि रक्तदाब मोजायला सांगा.

दर्ग्यात किंवा देवाला जायचं असेल तर जरूर जा, पण दवाखान्यातून आल्यावर.

बाळ जन्मल्यावर

गार्डिनल किंवा फेनिटॉइनवर असलेल्या आईच्या बाळात रक्त गोठवणारे घटक कमी असू शकतात. जन्मल्याबरोबर त्याला जीवनसत्त्व ‘के’चं १ मिलिग्रॅमचं इंजेक्शन मिळालं का, हे आजीने विचारून खात्री करावी.

गार्डिनल दुधातून बाळापर्यंत जातं, तरी अंगावर पाजणं बंद करायचं नाही. बाळ फार झोपतं का, ओढून पीत नाही का, वजन वाढतं का, याकडे लक्ष ठेवा आणि शंका आली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटात औषधाची सवय झालेलं बाळ पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत चिडचिड करू शकतं, थरथरू शकतं, सारखं रडू शकतं. वरच्या दुधावर एकदम आणलं तर ती सवय अचानक तुटते, म्हणून तेही बरं नाही.

बाळंतिणीची झोप तुटते, त्यामुळे याच दिवसांत फिट पुन्हा डोकं वर काढतात. रात्रीचं एखादं पाजणं काढलेल्या दुधावर नवऱ्याने किंवा आजीने सांभाळावं. बाळाला आंघोळ एकटीने घालू नये. दुपटं जमिनीवर पसरून, बसूनच कपडे बदलावेत. गरोदरपणात वाढवलेला डोस आता कमी करायचा असतो, नाहीतर चक्कर आणि गुंगी येते. त्यासाठी पहिल्या दोन आठवड्यांत डॉक्टरांची भेट ठरवा. त्याच भेटीत तांबी किंवा अंतराबद्दलही बोलून घ्या.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. बाळाचा उपचारही वर्षभर मोफत. खर्चाला भिऊन घरी बाळंतपण करू नका.

हे वाचणाऱ्या, फिटची गोळी घेणाऱ्या प्रत्येक बाईने या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात: पट्टीवरचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वहीत लिहून ठेवणं, घरातल्या एका माणसाला ती वही कुठे आहे ते सांगणं, आणि मूल हवं असो वा नसो, डॉक्टरांची पुढची तारीख घेणं. तोवर आज रात्रीची गोळी वेळेवर घ्या.